लांबचं जवळ आणताना

माझ्याकडे निकॉनचा कूलपिक्स पी९०० आहे. २०१५ साली हा कॅमेरा बाजारात आला, तेव्हा त्याने झूम करत करत थेट चंद्रापर्यंत नेलेले व्हिडिओ सगळीकडे फिरत होते. मी तो दोन वर्षांनी घेतला, सेकंडहँड, मुंबईत फोर्टच्या बोरा बाजारातून. दुकानदाराने बॅटरी घातली, रस्त्यापलीकडच्या इमारतीवरच्या एका पाटीवरचा फोन नंबर स्क्रीनवर वाचून दाखवला आणि म्हणाला, "और क्या चाहिए?" घरी अम्मीने तो हातात घेतला आणि म्हणाली, "एवढा जड कशाला घेतलास?" वजन किलोला थोडं कमी. गळ्यात अडकवून नालासोपारा ते चर्चगेट उभ्याने प्रवास केला की अम्मीचं म्हणणं पटतं.

मोठे कॅमेरे बाळगणारे मित्र याला खेळणं म्हणतात. त्यांचं फारसं चुकत नाही. याचा सेन्सर करंगळीच्या नखापेक्षा लहान, साधारण ६ मिलिमीटर बाय ४.५ मिलिमीटर. लेन्सची खरी नाभीय लांबी शेवटच्या टोकाला ३५७ मिलिमीटर. पण सेन्सर एवढासा असल्यामुळे तो दृश्याचा इवलासा तुकडाच पकडतो आणि परिणाम मोठ्या कॅमेऱ्यावरच्या २००० मिलिमीटर लेन्ससारखा मिळतो. ८३ पट ऑप्टिकल झूम तो हाच. मोठ्या कॅमेऱ्याला तेवढी लेन्स लावायची तर ती उचलायला दुसरा माणूस लागेल, आणि पैसे द्यायला तिसरा. याची किंमत आपण उजेडात मोजतो. पूर्ण झूमवर लेन्समधून उजेड कमी येतो, सेन्सर लहान, त्यामुळे संध्याकाळ झाली की चित्र दाणेदार होतं. मगरिबच्या अजाननंतर चंद्र-तारे सोडले तर याच्याकडून काही मागू नये.

वापरायला लागलं की एक गोष्ट लवकर कळते. पूर्ण झूमवर चौकटीची उंची एका अंशाहूनही कमी असते. हात लांब करून करंगळी डोळ्यांसमोर धरली तर ती साधारण एक अंश झाकते. म्हणजे त्याहूनही लहान खिडकीतून तुम्ही जग बघता. अशा खिडकीतून काही शोधता येत नाही. झाडावर घार बसली आहे हे ठाऊक असतं, कॅमेरा लावावा तर नुसती पानं, नुसतं आभाळ. म्हणून लेन्सच्या बाजूला एक बटण दिलं आहे. ते दाबून धरलं की झूम थोडा मागे येतो, आपण हरवलेली वस्तू पुन्हा चौकटीत घ्यायची आणि बटण सोडायचं. पण त्याआधी ती साध्या डोळ्यांनी दिसलेली असावी लागते. डोळ्यांना जे सापडलं नाही ते हा कॅमेरा सहसा शोधून देत नाही.

हे शिक्षण माझं भुईगावच्या किनाऱ्यावर झालं. (अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा तुकडा १९५६ साली सापडला तो याच भुईगावात.) हिवाळ्यात तिथे चिखल्या, तुतारी, कुरव असे पाहुणे उतरतात. ओहोटीला ते पार पाण्याच्या कडेला जातात, तिथवर हा झूमही पुरत नाही. त्यातून ऊन चढलं की ओल्या वाळूवरची हवा थरथरते आणि महागातल्या महाग लेन्समधूनही पक्षी पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. त्यामुळे सकाळी लवकर, भरती पूर्ण व्हायच्या दोनेक तास आधी जायचं आणि एका जागी बसून राहायचं. पाणी चढतं तसे पक्षी स्वतःच पुढे सरकतात. त्यांना उठवायचं नाही. ही मुलं हजारो किलोमीटर उडून आलेली असतात, आणि आपण फोटोसाठी दहा पावलं पुढे टाकली की त्यांचं खाणं मोडतं.

इथे मला सलीम अली आठवतात. लहानपणी त्यांनी एअरगनने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला, आणि तिची ओळख पटवायला ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मिलार्डसाहेबांकडे गेले. भारतातला पक्ष्यांचा एवढा मोठा अभ्यास त्या मेलेल्या चिमणीपासून सुरू झाला. त्या काळी पक्षी नीट बघायचा तर तो हातात यावा लागे, आणि हातात यायचा तर मारावा लागे. आज पिवळा डाग मी शंभर पावलांवरून बघतो आणि चिमणी दाणे टिपत राहते. झूमचा यापेक्षा चांगला उपयोग मला माहीत नाही.

पण वसई-विरार म्हणजे नुसते किनारे आणि मिठागरं नव्हेत. चार नगरपालिका आणि आजूबाजूची गावं मिळून २००९ साली महापालिका झाली, २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या १२ लाखांवर गेली, आणि त्यानंतर किती इमारती उठल्या ते लोकलच्या दारात उभं राहिलेल्या कुणालाही विचारा. आमच्या गच्चीवरून पूर्वेला तुंगारेश्वरचे डोंगर दिसतात. आणि डोंगरांच्या अलीकडे, चारी बाजूंना, खिडक्या दिसतात.

एका डिसेंबरात मी रात्री गच्चीवर गुरूचे चंद्र टिपत होतो. हा कॅमेरा चारही चंद्र दाखवतो, एका रेषेत मांडलेल्या खसखशीच्या दाण्यांसारखे. दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मेसेज आला: टेरेसवर रात्री कोणीतरी मोठ्या लेन्सचा कॅमेरा घेऊन उभं असतं, घरात बायका-मुली असतात, कमिटीने लक्ष घालावं. नाव नव्हतं. नावाची गरजही नव्हती, गळ्यात तो कॅमेरा घेऊन जिना चढणारा इमारतीत मी एकटाच. मी सेक्रेटरींच्या घरी गेलो, कार्डमधले सगळे फोटो दाखवले. ते म्हणाले, "तुमच्याबद्दल शंका नाही हो, पण लोक बोलतात." या वाक्यातला 'पण' आमच्यापैकी बहुतेकांच्या ओळखीचा आहे. भाड्याचं घर बघताना तो भेटतो, किनाऱ्यावर दोन पोरं बाईक थांबवून नाव विचारतात तेव्हाही भेटतो. त्या पोरांनाही मी पक्षी दाखवले होते. त्यांनी बघितले, छान आहेत म्हणाले, आणि मी निघेपर्यंत तिथेच थांबले.

तरीही तो मेसेज ज्यांनी टाकला त्यांचा मला राग नाही. माझ्या नावामुळे टाकला असेल तर ते त्यांचं त्यांच्यापाशी. लेन्समुळे टाकला असेल तर त्यांचं बरोबर होतं. माझ्या जागी दुसरं कुणी असतं आणि समोरच्या खिडकीत माझी बहीण असती, तर पडदा मीही ओढला असता. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरात शिरण्याआधी परवानगी घ्या असं सांगितलं आहे, आणि सूरह हुजुरातमध्ये एकमेकांची टेहळणी करू नका असं. लहानपणी मदरशात हे शिकताना डोळ्यांसमोर दार यायचं, उंबरठा यायचा. ८३ पट झूमला उंबरठा लागत नाही. पाय आपल्याच गच्चीवर असतात आणि नजर तिसऱ्या इमारतीच्या स्वयंपाकघरात. फोटो जायज की नाजायज हा वाद आमच्याकडे जवळजवळ संपला, कारण हजला जायचं तरी फोटो लागतो. परवानगीचा प्रश्न मात्र संपलेला नाही, आणि माझ्या मते आपल्या मशिदींतून बोलायला हवं ते यावर. प्रत्येकाच्या खिशात आता कॅमेरा आहे.

तेव्हापासून गच्चीवर मी लेन्स आभाळाकडेच ठेवतो आणि कॅमेरा खाली घेण्याआधी झूम पूर्ण मागे आणतो. माणसांच्या बाबतीत विचारल्याशिवाय नाहीच. पाचूबंदरला बांबूंवर बोंबील वाळत घालणाऱ्या कोळणी, मिठागरात मीठ ओढणारे मजूर, लाल लुगड्यातल्या कुपारी आज्या. शनिवार-रविवारी आलेले लोक त्यांना लांबूनच टिपून नेतात. जवळ जाऊन विचारलं तर निम्मी माणसं हो म्हणतात. एक कोळीण मला म्हणाली, "काढ, पण आधी मासळी तरी घे." मी घेतली.

लांबून काढलेल्या फोटोत आणखी एक खोट असते, आणि ती तंत्राची आहे. दूर उभं राहून झूम केला की पुढच्या-मागच्या वस्तूंमधलं अंतर मिटल्यासारखं दिसतं. खरं तर ते लेन्समुळे नव्हे, आपण दूर उभे असतो म्हणून. शंभर पावलांवरच्या आणि एकशे दहा पावलांवरच्या माणसाचा आकार जवळपास सारखाच दिसतो, म्हणून दोघं चिकटलेले वाटतात. मी हे करून बघितलं. मशिदीच्या ट्रस्टींना सांगून, एका जुम्म्याला, नमाज सुटल्यावर गल्लीचे दोन फोटो काढले. पहिला गल्लीच्या तोंडाशी उभं राहून, झूम न करता. त्यात चेहरे ओळखू येतात. कोणी चप्पल शोधतंय, कोणी मेथीच्या जुड्या बघतंय, मधून एक रिक्षा आरामात जातेय. दुसरा लगेच मागे लांबवर जाऊन, पूर्ण झूमवर. गल्ली तीच, माणसं बहुतेक तीच. त्यात रिक्षाला वाट नाही, मेथी नाही, नुसती पांढऱ्या टोप्यांची भिंत. ईदच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत येणारे फोटो आठवून बघा, बरेचसे याच जातीचे असतात. फोटोग्राफरच्या मनात काही वाईट असतं असं मी म्हणत नाही. त्याला उंचावरची जागा मिळते, लांब लेन्स असते, चौकट भरल्यावर चित्र देखणं दिसतं. पण वर्षानुवर्षं तेच बघणाऱ्याला मधल्या मेथीच्या जुड्या दिसणार कुठून?

आता चंद्राविषयी, कारण कॅमेरा घेतल्यापासून रमजानच्या २९ तारखेला मला सगळ्यात जास्त फोन येतात. पहिली दोन वर्षं ईद जूनमध्ये होती, कॅमेऱ्याला दिसायचे ते ढग. चांद्र वर्ष ११ दिवसांनी लहान, त्यामुळे ईद मागे सरकत आता उन्हाळ्याच्या तोंडाशी आली आहे. आभाळ कोरडं असतं, पण धुळीचं. सूर्य पूर्ण बुडाल्याशिवाय लेन्स पश्चिमेला करायची नाही, डोळा आणि सेन्सर दोन्ही जातील. मग क्षितिजाजवळ केसाएवढी कोर शोधायची, त्या करंगळीहून लहान खिडकीतून. सापडली तरी पृथ्वी फिरत असते. दोन मिनिटांत चंद्र स्वतःच्या रुंदीएवढा सरकतो आणि चौकटीबाहेर जायला लागतो.

२०२४ चं उदाहरण सांगतो. ८ एप्रिलला अमेरिकेत खग्रास सूर्यग्रहण झालं, म्हणजे अमावास्येचा क्षण आपल्या घड्याळात त्या रात्री बाराच्या थोडा आधी. ९ एप्रिलला, २९व्या रोज्याच्या मगरिबला, चंद्र जेमतेम १९ तासांचा होता. गच्चीवर दहा-बारा जण होते, त्यांत सोपाऱ्याचे एक चाचाही होते. ऐंशीच्या घरातले, अजून बिनचष्म्याने लांबचं बघणारे. मी मधल्या झूमवर क्षितिज विंचरून काढलं. काही नाही. एक मुलगा म्हणाला, माझ्या फोनमध्ये बघू. मी त्याला म्हटलं, फोनवर विश्वास ठेवू नकोस, काही फोनमधलं सॉफ्टवेअर चंद्राचे तपशील स्वतःच भरतं म्हणून २०२३ मध्ये केवढी चर्चा झाली होती.

मग मी चाचांना विचारलं, "समजा डोळ्यांना दिसला नाही आणि यात दिसला, तर?"

चाचा म्हणाले, "तू कलमा पढून सांगशील, मी पाहिला. हा सांगेल का?"

"पण पाहणारा मीच ना, चाचा?"

"तू पडदा पाहिलास." त्यांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "आणि ईद काय तुझी एकट्याची असते?"

दुर्बिणीने पाहिलेल्या चंद्रावर उलेमांची मतं वेगवेगळी आहेत, हे मला ठाऊक होतं आणि चाचांनाही. चष्माही काचच, असं मी म्हणू शकलो असतो. चाचा मात्र चष्मा वापरत नव्हते, आणि रोजा सोडून पंधरा मिनिटं झाली होती, खाली सामोसे गार होत होते. मुंबईहूनही चंद्र दिसल्याची गवाही आली नाही. तीस रोजे पूर्ण झाले, ईद ११ एप्रिलला झाली.

दहाच्या संध्याकाळी कोर एवढी स्वच्छ होती की लहान पोरांनीही बोट दाखवलं. चाचांनी पाहिली, दुआ मागितली, आणि मग स्वतःच म्हणाले, "दाखव आता तुझ्यात कसा दिसतो." कोरीच्या कडेला खड्ड्यांच्या सावल्या दिसत होत्या. ते बराच वेळ बघत राहिले. चंद्र चौकटीतून निसटला की मला सांगायचे, गेला, परत आण. ग्रुपवर सेक्रेटरींचा मेसेज आला, फोटो काढला असेल तर टाका. मी टाकला.