ती खोड, ते खोड

परवापासून एक शब्द डोक्यात ठाण मांडून बसला आहे. आई तव्यावरची पोळी उलटता उलटता म्हणाली, ‘जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही,’ आणि पुढची पोळी लाटायला लागली. मी मात्र तिथेच अडकले.

खोड. ती खोड म्हणजे सवय, तीही बहुतेक वाईट. ते खोड म्हणजे झाडाचा बुंधा. खोडी काढतात ती वेगळी आणि पाटीवरचं खोडतात ते वेगळं. एका शब्दाच्या पोटात रुजून बसणं आणि पुसून टाकणं दोन्ही कसं मावलं? व्युत्पत्ती सांगणारे सांगतील काय ते. मला हा प्रश्न खरं तर बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षीच पडायला हवा होता.

माझ्या कॉलेजात न्यूरोसायन्स नावाचा विषय नव्हता. वीर नर्मद दक्षिण गुजरात विद्यापीठाचं प्राणिशास्त्र, आणि त्यात चेतासंस्था हे एक प्रकरण. बाकीचं लायब्ररीतल्या जाडजूड इंग्रजी पुस्तकांतून, कळेल तसं. सातवीपर्यंत महापालिकेची मराठी शाळा, मग गुजराती माध्यम आणि शेवटी ही पुस्तकं. त्यामुळे एकाच अवयवाची माझ्याकडे तीन नावं जमली: मेंदू, मगज, ब्रेन. सरांनी फळ्यावर पहिल्यांदा ‘मगज’ लिहिलं तेव्हा मला आधी टरबुजाच्या बिया आठवल्या.

पप्पांनी तेहतीस वर्षं उधन्याच्या खात्यांत काढली. लूमच्या कारखान्याला इथे खातंच म्हणतात. आमची खोली अशाच एका खात्याच्या भिंतीला लागून. पलीकडे लूम खडखडत, मांडणीवरची भांडी थरथरत, आणि रात्रपाळी करून आलेले पप्पा भर दुपारी घोरत. पण लाइट गेली आणि लूम एकदम थांबले, की ते ताडकन उठून बसायचे. ‘काय व्हयनं?’ आवाजानं न उठणारा माणूस आवाज गेल्यावर उठायचा. पुढे सोकोलोव्ह या रशियन शास्त्रज्ञाबद्दल वाचलं. त्याच्या मते एकसारख्या आवाजाचा नमुना मेंदू धरून ठेवतो आणि समोरचं त्याच्याशी जुळेनासं झालं की दचकतो. यायचा ठोका आला नाही, तरीसुद्धा. त्या परिच्छेदाच्या समासात मी पेन्सिलनं लिहिलं: पप्पा.

ते पुस्तक लायब्ररीचं होतं. खोडायला हवं होतं, राहून गेलं.

आईच्या यादीत पप्पांच्या खोडी पुष्कळ आहेत. पहिली म्हणजे घरात ओरडून बोलणं. ही खोड नव्हे, असं माझं म्हणणं. आतल्या कानात बारीक केस असलेल्या साधारण 15 हजार पेशी असतात, जन्मतः मिळतात तेवढ्याच. सततच्या मोठ्या आवाजानं त्या मरतात आणि पुन्हा उगवत नाहीत. गंमत म्हणजे कोंबडीच्या उगवतात. 1988 साली पक्ष्यांमध्ये हे दिसलं तेव्हा शास्त्रज्ञ चकित झाले होते. म्हणजे पप्पा कोंबडी असते तर हळू बोलले असते. हे मी आईला सांगितलं. ती हसली नाही.

मग खरी खोड कोणती? आता पलीकडचं खातं बंद झालंय, तिथे साड्यांच्या घड्या घालतात. पप्पा दुपारी शांततेत झोपतात, निदान पडून तरी असतात. कधी कधी त्यांच्या हाताकडे माझं लक्ष जातं. अंगठा आणि पहिलं बोट गोधडीची किनार चाचपतात, जरा थांबतात, अंगठ्यावरून काहीतरी वळवतात, ओढतात, आणि शेवटी एक हिसका. ताण्याचा तुटलेला धागा सांधायची ती गाठ आहे. धागा नाही, लूम नाही, पण गाठ बसते.

हेन्री मोलेसनची गोष्ट वाचताना मला हीच बोटं आठवली. 1953 साली, सत्ताविसाव्या वर्षी, फेफरं थांबावं म्हणून त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा हिप्पोकॅम्पस बराचसा काढून टाकला. त्यानंतर त्याला नवं काही लक्षात राहीना. ब्रेंडा मिल्नर त्याच्याकडून एक चांदणी गिरवून घ्यायच्या, हाताकडे नाही तर आरशात बघून. रोज त्याचा हात सुधारत गेला, आणि रोज त्याला वाटायचं की हे आपण आयुष्यात पहिल्यांदाच करतोय. माणसाला आठवत नव्हतं, हाताला येत होतं. 2008 साली तो वारला. पुढच्या वर्षी त्याच्या मेंदूचे 2401 पातळ काप केले. मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मेल्यावर तरी ती त्या कापांत कुठे सापडायची?

इथे मला गाव आठवतं. उधन्याहून ताप्ती लाइनच्या गाडीत बसायचं, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा करत अमळनेरला उतरायचं, तिथून चोपड्याच्या बाजूला काकांच्या केळीत. घड उतरवला की काका ते उभं खोड विळ्यानं तोडायचे. पाण्यासारखा चीक उडायचा आणि सदऱ्यावर काळपट डाग पडायचे, ते मात्र जन्मात निघायचे नाहीत. खोड तुटलं म्हणजे झाड संपलं, असं मला वाटायचं. काका बुडाशी वर आलेलं पिल दाखवायचे. तेच वाढवायचं, म्हणजे पिलबाग. पुढे वनस्पतिशास्त्रात शिकले की केळीचं दिसतं ते खोड मुळी खोडच नाही, पानांच्या आवरणांची एकावर एक घट्ट गुंडाळी आहे. खरं खोड म्हणजे जमिनीखालचा कंद. तो कोणी तोडलेलाच नसतो.

पाव्हलोव्हच्या कुत्र्यांचंही असंच. ठोका वाजवायचा आणि खायला द्यायचं नाही; हळूहळू लाळ सुटणं बंद होतं. मग काही काळ जाऊ द्यायचा आणि पुन्हा ठोका वाजवायचा. लाळ परत येते. जुनं शिकलेलं पुसलं जात नाही, त्याच्यावर नवं शिकणं बसतं, असं आता बरेच अभ्यासक मानतात. म्हणजे खोडलेलं खोडलं जात नाही, पिलबाग होते. हे सुचलं तेव्हा मला फार आनंद झाला. मग शंका आली की हे विज्ञान आहे की नुसता शब्दांचा खेळ. केळ आणि कुत्रा मी जुळवले, कारण मराठीत दोन्ही वाक्यांत खोड बसतं. गुजरातीत विचार केला असता तर जुळले असते का?

शिवाय पप्पांच्या बोटांत आहे ते गुंडाळी की कंद? ओरडणं हा कानाचा घाव आणि गाठ ही सवय, अशी वाटणी मी किती ऐटीत केली होती. पण ओठ वाचत, हातवारे करत तेहतीस वर्षं बोललेला माणूस, त्याचे कान उद्या कोंबडीसारखे परत उगवले तरी, हळू बोलेल का?

आणि एक गोष्ट सांगायची राहिली. आईनं ती म्हण टाकली तेव्हा पप्पा घरात नव्हतेच, दूध आणायला गेले होते. मी ओट्याशी उभी राहून तिला कानातल्या पेशींचं समजावत होते, बहुधा तिसऱ्यांदा.