अवधाण

"डॉक्टर, अवधाण आलंय." पावसाळ्यात आमच्या लासलगावातल्या कांद्याच्या खळ्यांवरून येणारा हमाल एवढंच सांगतो. मी जांघेआधी तळपाय बघतो. भेग चिघळलेली असते, नाहीतर बोटांच्या बेचक्यात चिखल्या. पायातली लसिका, म्हणजे लिम्फ, जांघेतल्या ग्रंथींमधून गाळली जाते. खाली जंतू शिरले की वर गाठ ठणकते. हे पेशंटला समजावावं लागत नाही. अवधाण म्हणताना तो आपणहून पाय पुढे करतो.

न दुखणाऱ्या गाठीसाठी मात्र कुणी मजुरी बुडवत नाही.

कांदा निवडणारी एक बाई अशक्तपणाचं टॉनिक मागायला आली होती. मी मागे उभा राहिलो, मान किंचित झुकवायला लावली आणि तीन बोटांची पेरं हळूहळू गोल फिरवली. जोरात दाबलं तर गाठ निसटते. उजवीकडे चार-पाच गाठी एकमेकींना चिकटलेल्या होत्या. "माझ्या आजीला गंडमाळ होती," ती म्हणाली. सुईने घेतलेल्या नमुन्यात क्षयच निघाला. औषध सहा महिन्यांचं. गाठी मध्येच वाढल्यासारख्या वाटल्या तरी गोळ्या सोडायच्या नाहीत, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. अनेकांचा धीर तिथेच सुटतो.

चिकटलेली गाठ क्षयाकडे बोट दाखवते, रबरासारखी लवचिक असेल तर लिम्फोमाची शंका येते, दगडासारखी असेल तर दुसरीकडून पसरलेल्या कॅन्सरची. बोटांचा हा अंदाजच, निकाल तपासणीचा. पाय सुजला असेल तर दुसऱ्या बोटाच्या मुळाशी कातडी चिमटीत धरून बघतो. ती उचललीच गेली नाही, तर सूज लसिकेची.

डाव्या गळपट्टीच्या हाडामागची खळगी मी आता कुणाचीच सोडत नाही. पोटातली लसिका छातीतून वर चढून तिथेच रक्ताला मिळते, म्हणून जठराचा कॅन्सर कधी कधी आधी तिथे हाताला लागतो. जर्मन डॉक्टर फिरखोने १८४८ साली हे नोंदवलं होतं. मी ते पाठ केलं होतं. तरीही प्रॅक्टिसच्या सुरुवातीला एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला महिनाभर ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या आणि त्याच्या गळ्यातलं उपरणं एकदाही काढायला लावलं नाही. ती गाठ दुसऱ्या डॉक्टरच्या बोटांना लागली.

काल एक आजोबा वैतागले. "पोट जळतंय माझं, गळ्यात काय शोधताय?"

"उपरणं काढा, बाबा. आता मोठा श्वास घ्या."