अर्थ मिळत नाही

मराठी शिकवणाऱ्या माणसाने मोटार बाळगू नये, असे माझ्या पत्नीचे स्पष्ट मत आहे. आता ते मलाही पटले आहे. पण पटण्यापूर्वी जे घडले ते सांगितल्यावाचून राहवत नाही.

माझी मोटार वीस वर्षांची आहे. माझ्याकडे आली तेव्हाच तिची बारा वर्षे भरली होती. आम्ही राहतो वरोरला. एका अंगाला चिंचणी, दुसऱ्या अंगाला वाढवण, पुढ्यात समुद्र. घराला अंगण आहे, गॅरेज नाही. तेव्हा बाराही महिने ती बिचारी खारा वारा खात उभी असते.

गेल्या पावसाळ्यात तिला एक विचित्र व्याधी जडली. चालताना ती शहाण्यासारखी चाले; पण उभी केली, की हिवताप भरल्यासारखी थडथडू लागे. रात्री ती उभी असली, की समोरचे दिवे समईसारखे मंद होत, आणि वायपर म्हाताऱ्या माणसाच्या चालीने काचेवर फिरत. गंमत अशी, की आमच्या दक्षिणेला तारापूरचे अणुवीजकेंद्र १९६९ सालापासून उभे आहे, उत्तरेला डहाणूचे ५०० मेगावॉटचे औष्णिक केंद्र आहे. आणि या दोहोंच्या मधोमध माझी मोटार एकेका व्होल्टला महाग झाली होती!

नाक्यावरच्या गॅरेजचा मिस्त्री माझा जुना विद्यार्थी. मराठीत जेमतेम पास झालेला. पण हात मोठा गुणी. त्याने प्लग साफ केले, थ्रॉटलवरचा काजळीचा थर धुऊन काढला. हवेची एखादी रबरी नळी चिरली असेल, तर तिथून चोरटी हवा शिरून इंजिन असेच थडथडते, म्हणून एकेक नळी चाचपून पाहिली. शेवटी तो म्हणाला, "सर, बॅटरी थकलीये. बदलू या."

नवी बॅटरी बसली. आठ दिवस मोटार अशी शांत राहिली, की मी कॉलेजात सहकाऱ्यांना यंत्रशास्त्रावर चार शब्द ऐकवले. नवव्या दिवशी पहिले पाढे पंचावन्न!

आणि मग मी ते केले, ज्याची आठवण झाली की आजही मान खाली जाते. गॅरेजसमोर पाच-सहा माणसे चहा घेत उभी होती. त्यांच्यादेखत मी त्याला म्हणालो, "नव्या बॅटरीचे पैसे घेऊन जुनी गळ्यात मारलीस ना?"

तो काही बोलला नाही. आत गेला, नोटा मोजून आणल्या, माझ्या हातावर ठेवल्या. म्हणाला, "बॅटरी राहू द्या गाडीत. उद्या कॉलेजला जायचं असेल."

मी पैसे खिशात घातले. हो, घातले!

त्या रविवारी शेजारचे काका अंगणात आले. त्यांची सारी हयात मासेमारीच्या बोटींची इंजिने सांभाळण्यात गेलेली. "मास्तर, जरा बघू," म्हणून त्यांनी पिशवीतून मीटर काढला. त्या दिवशी एका तासात मी जे शिकलो, ते तुम्हांलाही उपयोगी पडेल.

बारा व्होल्टची म्हणतात त्या बॅटरीत सहा कप्पे असतात. प्रत्येकाचे दोन व्होल्टांहून थोडे अधिक. पुरती भरलेली, स्वस्थ बसलेली बॅटरी १२.६ दाखवते. इंजिन सुरू झाले, की अल्टरनेटर, ज्याला मिस्त्रीमंडळी अजूनही डायनामो म्हणतात, तो वीज देऊ लागतो. तेव्हा बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. तेवढे नसले, की बॅटरी भरत नाही, ठिणगी दुबळी होते, पेट्रोलचा पंप मंदावतो. वेगात हे दोष झाकले जातात; उभ्या इंजिनाच्या मिनिटाला सात-आठशे फेऱ्यांवर ते उघडे पडतात.

काकांनी इंजिन सुरू करवून मीटर बॅटरीला लावला. १२.७! मग डायनामोला लावला. १४.२!

"डायनामो चौदा देतोय," काका म्हणाले, "बॅटरीला पोचतात पावणेतेरा. मधले दीड गेले कुठं?"

मी जन्मात कधी इतका नेमका प्रश्न परीक्षेत काढला नव्हता. त्यांनी मीटरची एक तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि दुसरी इंजिनाच्या लोखंडाला टेकवली. तिथे पाव व्होल्टही दिसायला नको. दिसला तब्बल दीड.

"अर्थ मिळत नाही गाडीला," काका म्हणाले.

वीस वर्षे मी वर्गात अर्थ सांगत आलो. वाच्यार्थ, लक्ष्यार्थ, व्यंग्यार्थ. हा चौथा मला ठाऊक नव्हता. मोटारीत वीज तारेने जाते. परतीची वाट मात्र बहुतेक मोटारीच्या लोखंडी अंगातूनच असते. तिला म्हणायचे अर्थ. पण इंजिन बसवलेले असते रबराच्या ठोकळ्यांवर. म्हणून त्याला अंगाशी जोडणारी एक विणलेली तांब्याची पट्टी लागते. ती पट्टी काकांनी बोटाने दाखवली. खाऱ्या वाऱ्याने ती हिरवी पडली होती. निम्म्याहून अधिक पदर तुटले होते. काकांनी एक जाड तार घेतली आणि बॅटरीचे ऋण टोक इंजिनाला सरळ जोडून दिले. क्षणात थडथड थांबली. रडणारे मूल आईच्या खांद्यावर जावे, तसे इंजिन शांत झाले.

"मग नवी बॅटरी आठ दिवस कशी चालली?" मी विचारले.

"भरलेली होती म्हणून. साठवलेलं खाल्लं, आणि संपलं. बॅटरीचा दोष नव्हता."

बॅटरीचा दोष नव्हता. म्हणजे देणाऱ्याचाही नव्हता. दोनशे रुपयांच्या पट्टीने मोटार बरी झाली. मी मात्र अर्थाचा अनर्थ करून बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी पैसे घेऊन निघालो. त्या वेळी गॅरेजवर कुणी नसते. नाक्यापर्यंत गेलो, आणि ध्यानात आले, की कुणी नसते म्हणूनच मी ही वेळ निवडली आहे. आरोप पाचजणांत केला. क्षमा मात्र एकान्तात मागायची? परत फिरलो. संध्याकाळी, चहाची मंडळी जमल्यावर, पुन्हा गेलो आणि सर्वांदेखत म्हणालो, "चूक माझी होती. बॅटरी चांगली आहे. मी तुझ्यावर उगाच आळ घेतला."

कुणी काही बोलले नाही. त्याने हात पुसले, पैसे घेतले, मोजले नाहीत. बॉनेट उघडून पट्टी पाहिली, दोन्ही टोकांना बोटभर ग्रीस लावले आणि मीटर टेकवला. "चौदा पॉइंट एक," तो म्हणाला, "आता त्रास नाही व्हायचा, साहेब."

पूर्वी तो मला सर म्हणत असे.

त्याला आता वर्ष होत आले. मोटार ठणठणीत आहे. दर दोन महिन्यांनी मी ती पट्टी साफ करतो. पॉलिश पेपरने घासतो, ग्रीस लावतो. काही कारण नसले तरी गॅरेजवर थांबतो. तो चहा मागवतो, मोटारीची चौकशी करतो, अगदी आदराने बोलतो. पण साहेबच म्हणतो. मधले काही व्होल्ट अजून कुठेतरी गळताहेत. ते मोजायला काकांच्या पिशवीत मीटर नाही. म्हणून मी आपला जात-येत राहतो.