वीज आली की आपसूक सुरू होणारा संगणक

आपल्या वस्त्यांमध्ये वाचनालयाची किल्ली ज्याच्याकडे असते तो माणूस आणि तिथले यंत्र ज्याला समजते तो माणूस, हे सहसा वेगवेगळे असतात. किल्ली असते पहाटे कामावर निघणाऱ्या एखाद्या बाईंकडे. संगणकाची माहिती असते एखाद्या तरुण पोराला. तो पोरगा नोकरीसाठी बाहेर पडला की संगणकावर कापड पडते. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातील घाटंजीची माणसे. आमच्या लहानशा अभ्यासिकेत हेच झाले.

आमचा संगणक एका कार्यालयाने निकालात काढलेला, १० वर्षे जुना. त्यावर लिनक्स टाकले, कारण त्याला पैसे पडत नाहीत आणि जुन्या यंत्रावरही ते बरे चालते. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने त्याचा गाभा लिहून जगासमोर ठेवला. पुढे हजारो लोकांनी त्यात भर घातली. आम्ही त्या संगणकात मराठी विकिपीडिया एका फाईलमध्ये आणून ठेवला. किविक्स नावाचा मोफत प्रोग्राम ती फाईल इंटरनेटशिवाय दाखवतो, आणि अभ्यासिकेच्या वाय-फायला जोडलेल्या मोबाईलवरही दाखवतो. ज्या घरात महिनाअखेरीस रिचार्ज संपलेला असतो, त्या घरच्या लेकरांना याचे मोल कळते.

अडचण विजेची. पावसाळ्यात ती दिवसातून दोन-तीनदा जाते. आली की कुणीतरी बटण दाबायचे, पासवर्ड टाकायचा, मग काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून किविक्स सुरू करायचे. हे सारे येणारा मुलगा चाकणला कंपनीत लागला. आम्हाला आनंदच झाला. पण पुढचे तीन आठवडे मुले काळ्या पडद्यापुढे बसून परत गेली. पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी म्हणाली, "काका, पुस्तकाले तं पासवर्ड लागत नाही जी!" तिचे म्हणणे आम्हाला लागले.

तो मुलगा सुटीत आला तेव्हा आम्ही त्याला म्हटले, "तू करून देऊ नको. तू सांग, हात आमचे चालू दे." एका दुपारी तीन कामे झाली.

पहिले काम यंत्राचे. संगणक सुरू होताना डिलीट किंवा एफ-दोन अशी एखादी कळ दाबली की बायोसचे पान उघडते. वीज गेल्यावर परत आली तर काय करायचे, याची नोंद तिथे असते. ती "चालू हो" अशी केली. आता बटण दाबावे लागत नाही.

दुसरे काम किविक्सचे. लिनक्सचा गाभा जागा झाला की तो सर्वांत आधी एकच प्रोग्राम सुरू करतो, आणि तो बाकीच्यांना उठवतो. आज बहुतेक लिनक्समध्ये हे काम सिस्टीमडी करतो; तो २०१० साली आला. घरातली मोठी बाई जशी आधी उठते आणि मग एकेकाला हाक मारते, तसेच हे. त्याला लहानशी चिठ्ठी लिहून ठेवावी लागते: कोणता प्रोग्राम, कुठे ठेवलेला, कोणाच्या नावाने चालवायचा, बंद पडला तर पुन्हा सुरू करायचा का. आम्ही मालकाच्या म्हणजे रूटच्या नावाने न चालवता साध्या खात्याच्या नावाने चालवला. काही बिघडले तरी सारा संगणक हाती सापडत नाही. इथे दोन आज्ञांतला फरक ध्यानात ठेवावा. "स्टार्ट" म्हणजे आत्ता सुरू कर. "एनेबल" म्हणजे दर वेळी संगणक उठला की सुरू कर. नुसते स्टार्ट केले तर पुढच्या वेळी वीज गेल्यावर सगळे जैसे थे.

तिसरे काम पडद्याचे. वाचनासाठी वेगळे खाते काढले, ते बिनपासवर्डचे आपोआप उघडते. स्टार्टअप ॲप्लिकेशन्सच्या यादीत ब्राउझर टाकला आणि त्याला १५ सेकंद थांबायला सांगितले, म्हणजे किविक्स आधी तयार होतो. हे खाते सर्वांना खुले असल्यामुळे त्यात कुणाचे बँकेचे वा जातीच्या दाखल्याचे कागद ठेवायचे नाहीत, हा नियम भिंतीवर लिहिला. अचानक वीज गेल्याने फाईल बिघडू शकते, म्हणून तिची एक प्रत पेनड्राइव्हवर आहे.

आता किल्ली फिरवणाऱ्या ताईंना काहीच करावे लागत नाही. पण वाचकहो, इथेच एक धोका आहे. यंत्र आपोआप चालू लागले की ते कसे चालते हे विचारायला कुणी उरत नाही, आणि बिघडले की पुन्हा चाकणच्या फोनची वाट पाहणे आले. म्हणून आम्ही सगळ्या पायऱ्या मराठीत एका वहीत उतरवल्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी नववीतल्या दोन मुली ती व्यवस्था "डिसेबल" करून बंद करतात आणि वही पाहून पुन्हा उभी करतात. पहिल्यांदा दोन तास लागले, आता पाऊण तास पुरतो. पुढच्या वर्षी त्यांनी आठवीतल्या दोघींना शिकवायचे ठरले आहे.

आपल्या वस्तीत असा एखादा संगणक कापडाखाली पडून असेल, तर तो जाणणारा मुलगा गावी येईल तेव्हा त्याला बोलवा, आणि वही-पेन आधी तयार ठेवा.