आरसा

आरसा हा शब्द मला फार प्रिय आहे. तो संस्कृतातल्या 'आदर्श'मधून, प्राकृताच्या तोंडी झिजत झिजत आपल्याकडे आला. ज्यात पाहायचं तो आदर्श, इतका साधा त्याचा जुना अर्थ. मूळ शब्द पुढे मोठा झाला. आदर्श राजा, आदर्श शाळा, आदर्श सून. त्यात आता स्वतःचं तोंड दिसत नाही, दुसऱ्याची अपेक्षा दिसते. तोंड दाखवायचं काम आरशाकडे राहिलं.

शब्द जन्मला तेव्हा आरशाला आजच्यासारखी काच नव्हती, घासून लखलखीत केलेला धातू होता. केरळात आरन्मुळ्याचे कारागीर तांब्या-कथलाच्या मिश्रधातूचे आरसे अजून घडवतात. काचेच्या आरशावर बोट टेकवलं तर बोट आणि प्रतिबिंब यांच्यात काचेच्या जाडीमुळे फट राहते, कारण चकाकणारा लेप मागे असतो. आरन्मुळ्याच्या आरशात ती फट नाही. तिथे बोटाला बोट भिडतं.

लग्नातल्या सूनमुखाला मात्र काचेचाच आरसा असतो. सासू नव्या सुनेला जवळ घेते आणि तिचं तोंड थेट न पाहता आरशात पाहते. आरसा जरा कलता धरावा लागतो, नाहीतर नुसतं मांडवाचं छत दिसतं. कुणीतरी मुंडावळ्या सारतं, कुणी 'जरा खाली घ्या' म्हणतं, आणि मग एकाच चौकटीत दोन चेहरे येतात. सून पाहायला गेलेल्या सासूला शेजारी आपणही दिसतो. ही रीत ज्या कुणी बसवली, तिला माणसं कळत होती.

'दर्पण' मला थोडा परका वाटतो. त्याच्या मुळाशी 'दृप्' धातू आहे, दर्प म्हणजे गर्व. तरी एका दर्पणाबद्दल मला मनापासून माया आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी, जेमतेम विशीतल्या बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत मराठीतलं पहिलं वृत्तपत्र काढलं, त्याचं नाव 'दर्पण'. पानावर इंग्रजी मजकूर आणि त्याच्या शेजारच्या स्तंभात मराठी. राज्यकर्त्यांच्या भाषेशेजारी आपली भाषा छापलेली पाहताना त्या वाचकांना काय वाटलं असेल, याचा मी पुष्कळदा विचार करते. पेशवाई बुडून चौदाच वर्षं झाली होती. त्या पानावर मराठी खालच्या पायरीवर नव्हती, बरोबरीला बसली होती. एवढा गर्व त्या नावात असेल, तर तो मला हवा आहे.