आजाऱ्यास पाठविलेली कार्डे

आजारी मनुष्याच्या समाचारास जाणे ही आपल्याकडील जुनी रीत आहे. परंतु रुग्ण जेव्हा परगावी असतो, आजार महिनोन् महिने चालणारा असतो आणि मुलांना त्याच्याजवळ जाण्याची मनाई असते, तेव्हा समाचार घेण्याचे काम एका लहानशा कार्डावर येऊन पडते. असे कार्ड कसे लिहावे हे मी या शाळेत इयत्ता नववीत असताना शिकलो. परंतु त्याआधी ते कसे लिहू नये हेही मला शिकावे लागले. ती हकीकत विद्यार्थिमित्रांस व त्यांच्या पालकांस सांगण्याचे येथे योजिले आहे.

सन 2008 च्या जून महिन्यात माझ्या मामांना क्षयाच्या रुग्णालयात ठेवण्यात आले. मामांचे आमच्याच गावी सायकलदुरुस्तीचे दुकान होते. दुकान म्हणजे चार पत्रे, एक पंप, पंक्चर शोधण्याकरिता पाण्याचे घमेले आणि दारात एक जुनी चिंच. गिऱ्हाइकांपेक्षा गप्पांसाठी येणारी मंडळीच तेथे अधिक. मामांनी पूर्वी क्षयाची औषधे घेतली होती, तरी रोग हटेना. अखेर तपासणीत असे आढळले की, त्यांच्या शरीरातील जंतूंवर नेहमीची मुख्य औषधे चालेनाशी झाली आहेत. अशा क्षयावर त्या काळी सुमारे दोन वर्षे उपचार करावा लागे, आणि आरंभीचे कित्येक महिने इंजेक्शने टोचून घ्यावी लागत. औषधांनी मळमळ होई, अन्न नकोसे होई, पुष्कळांचे कानही अधू होत.

मामांना आनंद वाटावा म्हणून मी दुकानातून एक गुळगुळीत कार्ड विकत आणले. त्यावर गुलाबाची फुले असून सोनेरी अक्षरांत ‘लवकर बरे व्हा’ असे छापलेले होते. खाली मी माझ्या सुवाच्य अक्षरात लिहिले, ‘धीर सोडू नये. सदा हसतमुख राहावे.’ अशी तीन कार्डे मी एकामागून एक पाठविली, आणि आपण मोठेच सत्कृत्य करीत आहोत असे मला वाटू लागले.

पंधरा दिवसांनी मामांचे उत्तर आले. ‘चि. बाळ यास अनेक आशीर्वाद. तुझी तीनही फर्माने पोहोचली. लवकर बरे होण्याचा हुकूम समजला. परंतु येथील डॉक्टर दोन वर्षे म्हणतात, त्यास माझा इलाज नाही. हसतमुख राहण्याचा हुकूम इंजेक्शनची वेळ सोडून पाळीत आहे. आता माझे एक काम कर. दुकानाच्या दारातील चिंचेला फुलोरा आला की नाही, तेवढे पाहून कळव.’

ते वाचून मी प्रथम हसलो, आणि मग ओशाळलो. जे मामांच्या हाती नव्हते तेच मी त्यांजकडे मागत होतो, आणि त्याला आनंदाचे पत्र म्हणत होतो. दुखत असलेल्या मनुष्याला ‘हसा’ असे सांगणे म्हणजे त्याच्या ओझ्यात आणखी एका ओझ्याची भर घालणेच होय.

तेव्हापासून माझा क्रम ठरला. दर रविवारी सकाळी मी बंद दुकानापाशी जाई, पायरीवर बसे आणि पन्नास पैशांच्या पोस्टकार्डावर जे दिसे ते लिही. ‘ती. स्व. मामा यांस साष्टांग नमस्कार वि. वि. फुलोरा आला आहे. पिवळ्या पाकळ्यांवर तांबड्या रेघा आहेत, हे मी आजवर पाहिलेच नव्हते. तुमच्या घमेल्यात पावसाचे पाणी साचले असून त्यात एक बेडूक राहावयास आला आहे. भाड्याचे काय ते तुम्ही कळवावे.’ कोपऱ्यात बेडकाचे चित्र काढावे आणि सोमवारी कार्ड पेटीत टाकावे, एवढेच काम. उत्तर पाठविलेच पाहिजे असे मी कधी लिहिले नाही. कारण थकलेल्या हाताला उत्तराचेही ओझे होते.

मामांची उत्तरे आमच्या घरी येत, तेव्हा शेजारच्या एक आजी आईला म्हणत, “ती पत्रे चुलीत घाल गं, मुलांच्या हाती देऊ नकोस.” मलाही क्षणभर भीती वाटली. शाळेत विज्ञानाच्या गुरुजींना विचारता ते म्हणाले, “क्षयाचे जंतू रोग्याच्या खोकल्यातून हवेत जातात व श्वासावाटे दुसऱ्यास बाधतात. कागदाने तो रोग पसरत नाही. खुशाल पत्र वाच आणि जपून ठेव.” रॉबर्ट कॉख यांनी या जंतूंचा शोध 1882 साली जाहीर केला, त्यानंतर सव्वाशे वर्षे लोटली तरी भीती मात्र कागदाला धरून बसली होती!

परंतु माझ्याकडूनही प्रमाद घडला. सप्टेंबरात सहामाही परीक्षा जवळ आली आणि मी कार्ड लिहिण्याचे सोडून दिले. एका रविवारने काय बिघडते, असे म्हणता म्हणता पाच रविवार गेले. दिवाळीत मामी रुग्णालयातून परत आल्या व माझ्या आईपाशी रडल्या. मामा त्यांना म्हणाले होते, “पुरे झाली ही इंजेक्शने. मला घरी न्या.” असा उपचार मध्येच सोडल्यास रोग पुन्हा उसळतो व अधिक बिकट होतो, हे मामींना ठाऊक होते. जाता जाता त्या मला सहज म्हणाल्या, “तुझे कार्ड येत नाही म्हणून ते दर गुरुवारी विचारतात. शेवटी स्वतःच म्हणतात, पोरगा परीक्षेत असेल.”

माझ्या कार्डांअभावी मामा खचले असे मी म्हणणार नाही. तो औषधांचा जाच होता. तरी ज्या पाच आठवड्यांत त्यांना आधाराची सर्वांत अधिक गरज होती, नेमके त्याच आठवड्यांत मी गप्प होतो, ही गोष्ट मला आजही बोचते. त्याच दिवशी मी दुकानापाशी धावत गेलो आणि क्षमा मागून लिहिले, ‘चिंचा बोटाएवढ्या झाल्या आहेत. पंपाला मी तेल दिले आहे.’ डॉक्टरांनी व मामींनी समजूत घातली, आणि मामा राहिले.

पुढल्या पत्री त्यांनी मला एक नवे काम सांगितले. शेजारच्या खाटेवर एक वृद्ध शेतमजूर होते. त्यांना कोणाचेच पत्र येत नसे. मामा माझी कार्डे मोठ्याने वाचीत, म्हणून चिंच आणि बेडूक यांची त्यांना संपूर्ण माहिती होती. ‘बाबांच्या नावे निराळे कार्ड येऊ दे,’ असे मामांनी लिहिले. त्याप्रमाणे नोव्हेंबरापासून मी दर आठवड्यास दोन कार्डे लिहू लागलो. फेब्रुवारीत चिंचा गाभुळल्या. ते मी बाबांस कळविले. परंतु ते कार्ड परत आले. पत्त्यावर रेघ मारलेली असून शेजारी ‘मयत’ एवढाच शब्द होता.

मामा त्याच महिन्यात घरी आले. मी ते कार्ड त्यांच्यापुढे ठेवले आणि म्हणालो, “हे फुकट गेले.” मामांना एका कानाने कमी ऐकू येऊ लागले होते, मला पुन्हा सांगावे लागले. ते म्हणाले, “हे एक गेले. आधीची बारा त्यांच्या उशाखाली होती.” मामांनी उरलेला उपचार घरून पूर्ण केला, आणि दुकान पुन्हा उघडले.

पुढे माझ्या वाचनात आले की, डेन्मार्क देशात आयनार होल्बोल या टपाल कर्मचाऱ्याला नाताळच्या पत्रांचे ढीग पाहून एक कल्पना सुचली. प्रत्येक पत्रावर एक छोटे जादा तिकीट लावले, तर त्या पैशांतून क्षयी मुलांसाठी आरोग्यधाम उभारता येईल. 1904 साली अशी तिकिटे प्रथम निघाली, व पुढे अनेक देशांनी तो पाठ गिरविला. निरोगी लोकांच्या आनंदपत्रांनी रोग्यांना असे साह्य केले. आता औषधेही सुधारली आहेत. 2024 साली आपल्या देशात अशा हट्टी क्षयावर इंजेक्शनाविना सहा महिन्यांचा उपचार मान्य झाला आहे. तथापि रुग्णाला सहा महिनेही थोडे नसतात.

म्हणून बालमित्रहो, तुमच्या ओळखीचे कोणी दीर्घ आजारात असेल, तर त्यास एक कार्ड लिहा. उपदेश करू नका. घरची, अंगणाची, त्याच्या जागेची खरी बातमी द्या. आणि एकदा आरंभ केलात, तर परीक्षेच्या आठवड्यातही खंड पाडू नका. पाच ओळींना पाच मिनिटे पुरतात.