अस्वल झालेली आई

बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी माझ्या धाकट्या भाचीने माझ्याच मोबाईलवर एक कार्टून सिनेमा लावला आणि दहा मिनिटांत ती झोपून गेली. मी मात्र शेवटपर्यंत पाहत बसले. वय ४५, नोकरी उर्दू-मराठी शिकवण्याची. माझ्या मुलीने पाहिलं नि हसली, "अम्मी, तुम कब से कार्टून देखने लगे?" त्यानंतर तो मी आणखी दोनदा पाहिला, हे कुणाला सांगितलं नव्हतं.

सिनेमा २०१२चा, 'ब्रेव्ह'. स्कॉटलंडची राजकन्या मेरिडा. लाल कुरळ्या केसांचं जंगल, हातात धनुष्य. तीन सरदारांची मुलं स्वयंवराला येतात, तर ही स्वतःच मैदानात उतरते आणि तिघांपेक्षा सरस नेम मारते. ब्रेंडा चॅपमन या बाईंना ही गोष्ट आपल्याच मुलीशी उडणाऱ्या खटक्यांतून सुचली. पुढे दिग्दर्शन मध्येच त्यांच्या हातातून गेलं, पण २०१३ला ऑस्कर मिळालं तेव्हा त्यात त्यांचंही नाव होतं.

लेकीबाळी मेरिडाकडे बघतात. मी बघत होते तिच्या आईकडे, राणी एलिनॉरकडे. एका प्रसंगात राणी आपल्या नवऱ्यालाच मुलगी समजून त्याला समजावते, आणि तिकडे तबेल्यात मुलगी घोड्याला आई समजून आपलं म्हणणं सांगते. दोघींचंही बोलणं रास्त, पण समोरासमोर एक शब्द नाही.

इथे मी मोबाईल थांबवला.

कारण त्याच महिन्यात मुलीचा नीटचा निकाल लागला होता. गुण थोडक्यात कमी पडले. तिला लातूरला राहून पुन्हा एक वर्ष द्यायचं होतं आणि इकडे परभणीहून स्थळ आलं होतं. घर दीनदार, मुलगा कमावता. मी तिच्या अब्बूंशी बोलले, आपांशी बोलले, फोनवर खालाशी तासभर बोलले. तिच्याशी तेवढं बोलायचं राहिलं. निकाहात मुलीचा होकार घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, हे मी वर्गातल्या मुलींना सांगत आले. पण तो होकार ऐनवेळी मान डोलावण्याचा, असंच मी धरून चालले होते की काय?

पुढे चेटकिणीच्या केकमुळे राणीचं अस्वल होतं. हा जादूटोण्याचा भाग मला रुचला नाही, लहानांना दाखवताना सांगावं लागेल. पण अस्वल होऊनही ती डोक्यावर मुकुट ठेवते, ओढ्याकाठी टेबल मांडून नीटस जेवायला बसते, आणि खायला वेचते ती विषारी बोरं! मी एवढी हसले की भाची जागी झाली. आयुष्यभर मुलीला शिकवणाऱ्या आईला मासे पकडायला मुलगी शिकवते. वाचा गेल्यामुळे राणीला पहिल्यांदाच ऐकून घ्यावं लागतं.

शेवटी लग्न होत नाही. राजकन्यांच्या गोष्टीत हे मला नवं होतं.

त्या रात्री इशानंतर मी मुलीला गच्चीवर बोलावलं. "तू बोल, मी ऐकते," म्हटलं. पहिली पाच मिनिटं ती रडलीच. मग तिने वहीतली पानं काढली. शिकवणीची फी, होस्टेलचं भाडं, मेसचे पैसे, सगळं मांडलेलं. ही वही दोन आठवडे तिच्या उशाखाली होती.

परभणीला नकार कळवताना मला अवघड गेलं. आपा अजून नाराज आहेत.

जुलैत लोहा, अहमदपूर, चाकूर करत एसटीने तिला लातूरला सोडून आले. खोलीत तिघी मुली, एक खिडकी. परतताना बसमध्ये मी बुरख्याच्या आड डोळे पुसत होते. अहमदपूर यायच्या आत तिचा फोन.

"अम्मी, अस्वल कुठपर्यंत पोचलं?"